सहीच्या अलीकडे

शस्त्रक्रियेपूर्वी संमतिपत्रावर सही घेतली जाते आणि रुग्णाचा सहभाग बहुधा तेवढ्यावरच संपतो. कायद्याची अपेक्षा याहून मोठी आहे. उपचाराचे स्वरूप, त्यातील धोके आणि अन्य पर्याय यांची पुरेशी माहिती मिळाल्यावरच संमती वैध ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात २००८ साली स्पष्ट केले. मात्र माहिती देणे हे एक कर्तव्य आणि ऐकून घेणे हे दुसरे. या दुसऱ्याबद्दल कायदा फारसे बोलू शकत नाही.

गुरुकुंज मोझरीच्या माझ्या काकांना प्रोस्टेटच्या कर्करोगाचे निदान झाले. वय पंचाहत्तरीपुढचे, रोग ग्रंथीपुरता मर्यादित आणि मंद गतीचा. अशा अवस्थेत शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा ठरावीक काळाने तपासण्या करीत लक्ष ठेवणे, हे तिन्ही मार्ग वैद्यकशास्त्राला मान्य आहेत. ‘त्यांना सांगू नका,’ असा घरातील काहींचा आग्रह होता. वस्तुतः गुरुकुंजाचे संत तुकडोजी महाराज १९६८ साली कर्करोगानेच गेले. मोझरीच्या म्हाताऱ्या माणसाला त्याचे नाव नवे नव्हते.

पहिल्या रुग्णालयात सारे मला समजावण्यात आले. काका शेजारीच बसले होते. दुसऱ्या डॉक्टरांनी अहवाल बाजूला ठेवला, खुर्ची काकांकडे वळवली आणि विचारले, “काका, दिवस कसा जातो तुमचा?” काका संत्र्याच्या बागेविषयी बोलले. मग जरा थांबून म्हणाले, “संध्याकाळची प्रार्थना चुकवत नाही मी. आपरेशन केल्यावर लघवीवर ताबा राहीन का, डाक्तरसाहेब? वल्ल्या धोतरानं लोकाइत कसा बसू?”

तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीत आश्रम उभारला आणि सामुदायिक प्रार्थना हा आपल्या कार्याचा कणा मानला. त्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला चारचौघांत निःसंकोच बसता येणे हे आयुष्याच्या लांबीइतकेच मोलाचे असते. काकांची ही धास्ती आम्हा घरच्यांनाही ठाऊक नव्हती. अहवालात तर ती कुठून येणार?

रुग्णाचा आदर म्हणजे सर्व पर्याय त्याच्यापुढे मांडून ‘आता तुम्हीच ठरवा’ म्हणणे, असा एक नवा समज रूढ होत आहे. मला तो हुकूमशाहीइतकाच कोरडा वाटतो. “तुमचे वडील असते तं काय केलं असतं?” असे काकांनी विचारले, तेव्हा ते जबाबदारी झटकत नव्हते, सोबत मागत होते. डॉक्टरांनी आपले मत दिले, त्यामागची कारणे सांगितली आणि विचार करायला अवधीही दिला. बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत प्रत्येकासाठी एवढा वेळ काढणे कठीण आहे, हे मान्यच करावे लागेल. पण काकांना विचारलेल्या त्या पहिल्या प्रश्नाला असा कितीसा वेळ लागला होता?

काकांनी लक्ष ठेवण्याचा मार्ग निवडला. रक्तातील पी.एस.ए. हे प्रोस्टेटशी निगडित प्रथिन वाढू लागले, तर किरणोपचाराचा विचार पुन्हा एकत्र बसून करायचा, असे ठरले आहे. त्यासाठी नागपुरात काही आठवडे मुक्काम करावा लागेल; तो कोणाकडे करायचा, याची चौकशी काकांनी आतापासूनच करून ठेवली आहे.