चष्मा उतरवण्यापूर्वी

गेल्या महिन्यात जुमाच्या नमाजनंतर एक गृहस्थ भेटायला थांबले. सोबत त्यांची मुलगी होती. "मौलाना, हिच्या डोळ्यांचं लेसर करायचं म्हणतो. स्थळं येतात आणि चष्मा पाहून परत जातात. शरीअतमध्ये हे जायज आहे ना?" मी उत्तर देण्याआधीच मुलगी हळूच म्हणाली, "मला चष्म्याचा काही त्रास नाही. बघायला येणाऱ्यांना आहे."

वाचकहो, प्रश्न वडिलांनी विचारला होता. पण मला विचारात पाडले ते मुलीच्या वाक्याने.

आधी मूळ प्रश्न पाहू. अल्लाहने घडवलेल्या रचनेत माणसांना फेरफार करायला लावण्याची सैतानाची प्रतिज्ञा सूरह निसामध्ये आली आहे. केवळ सौंदर्यासाठी दातांत फट पाडून घेणाऱ्या स्त्रियांचा हदीसमध्ये निषेध आहे. दुसरीकडे, हजरत अरफजा (रजि.) यांचे नाक लढाईत कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक बसवण्यास सांगितले. पुरुषांना सोने वर्ज्य असूनही ही मुभा मिळाली. यावरून बोध होतो की, बिघडलेले दुरुस्त करणे आणि घडवलेले बदलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अंधुक दिसणे हा दोष आहे. त्याचा इलाज जायज आहे.

परंतु जायज असलेली प्रत्येक गोष्ट प्रत्येकासाठी हितकर असतेच असे नाही. कान, डोळे आणि अंतःकरण यांबाबत जाब विचारला जाईल, असे सूरह बनी इस्राईल बजावते. डोळा ही अमानत आहे. ती कोणाच्या हाती सोपवण्यापूर्वी तिचे काय होणार, हे जाणून घेणे आपले कर्तव्य ठरते.

निकटदृष्टितेत बहुधा नेत्रगोल लांबट झालेला असतो, त्यामुळे प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते. लेसिक शस्त्रक्रियेत डोळ्याच्या पुढील पारपटलाचा पातळ पापुद्रा उचलून त्याखालचा थर लेसरने मोजून कमी करतात आणि पापुद्रा पुन्हा बसवतात. पारपटलाची एकूण जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर. त्यातून गेलेला अंश परत येत नाही. म्हणून ज्यांचे पारपटल पातळ आहे किंवा शंकूसारखे पुढे येत आहे, ज्यांचे डोळे फार कोरडे आहेत, ज्या स्त्रिया गरोदर आहेत किंवा बाळाला अंगावर पाजत आहेत, त्यांना डॉक्टर सहसा नकार देतात. वय 18 पूर्ण असावे आणि चष्म्याचा नंबर किमान वर्षभर स्थिर असावा. शस्त्रक्रियेनंतर काहींना डोळ्यांचा कोरडेपणा आणि रात्री दिव्यांभोवती वलये जाणवतात. बहुतेकांचा त्रास काही महिन्यांत ओसरतो, थोड्यांचा मागे राहतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लेसरने चष्मा जातो, पण लांबट नेत्रगोल तसाच राहतो. मोठा नंबर असलेल्यांनी पुढेही दृष्टिपटलाची तपासणी करून घेतलीच पाहिजे. चाळिशीनंतर वाचनासाठी बहुधा चष्मा लागतोच. उपचार घ्या, असे सांगताना प्रेषितांनी (स.) वार्धक्याचा अपवाद केला होता, तो येथे आठवतो.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवस डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचे नसते. वुजूमध्ये डोळ्यांच्या आत पाणी घालणे आवश्यक नाहीच. चेहऱ्यावरचे पाणीही अपायकारक असेल तर शरीअतने सवलत दिली आहे. तिच्या तपशिलात हनफी व शाफई मतांत फरक आहे, म्हणून आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. डोळ्यांत औषधाचे थेंब टाकल्याने या दोन्ही मतांनुसार रोजा तुटत नाही.

आता त्या मुलीचे वाक्य. चष्म्यामुळे कामात अडथळा येत असेल, नोकरीची शारीरिक अट आड येत असेल, तर शस्त्रक्रियेमागे गरज आहे. पण मुलगी समाधानी असताना केवळ पाहुण्यांच्या नजरेसाठी निरोगी पारपटल कमी करायचे असेल, तर आपण इलाज नेमका कोणाचा करत आहोत? निकाहासाठीसुद्धा मुलीची अनुमती घ्या, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे, मग तिच्या डोळ्यांसाठी ती नको काय? धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा उघड करणाऱ्या प्रेषितांची (स.) हदीस आपण जाणतोच. चष्मा होता, हे गावभर सांगणे आवश्यक नाही. पण कोणी विचारले तर खोटे बोलण्यास मुभा नाही.

मी त्या गृहस्थांना म्हणालो, "भाईसाहेब, जायज आहे. पण डोळे हिचे आहेत. आधी हिला विचारा, मग डॉक्टरांना." ते काही क्षण गप्प राहिले. मग मुलीकडे वळून म्हणाले, "घरी जाऊन बोलू."

वाचकहो, उद्या आपल्याही मुलासाठी मुलगी पाहायला आपण जाऊ. तेव्हा चष्म्याच्या काचेकडे पाहायचे की काचेपलीकडच्या माणसाकडे, हे आजच ठरवू या. अल्लाह आपल्या डोळ्यांना आरोग्य आणि नजरेला न्याय देवो. आमीन.