अवघड जागेचे दुखणे

‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई डॉक्टर’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याच्या काळी सायकल नसावी. पण रोज सायकलवर बसणाऱ्या माणसाला ती आपल्यासाठीच रचली आहे असे वाटल्यावाचून राहत नाही. गुडघा दुखला तर चारचौघांत चोळता येतो. डोके दुखले तर साऱ्या घराला त्याची खबर देता येते. सायकलच्या सीटने दिलेले दुखणे मात्र मुकाट्याने सोसायचे असते, आणि चुकून कोणापाशी बोललोच, तर ऐकणारा आधी हसतो आणि मग म्हणतो, “होईल सवय!”

मला लिहायचे आहे ते या ‘होईल सवय’बद्दल.

मी शिक्षक आहे आणि सोलापुरात सायकलवर फिरतो. सोलापूर सपाट आहे, त्यामुळे सायकलला गाव चांगले. एप्रिल-मे महिन्यांत मात्र उन्हात उभ्या राहिलेल्या सायकलवर बसणे म्हणजे तव्यावर बसणेच, पण त्याची तक्रार सूर्याकडे करायची. सायकलला दोष देऊ नये. सीटचे प्रकरण वेगळे. नवी सायकल घेतल्यावर महिनाभराने मी आमच्या पूर्व भागातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो आणि मऊ सीट टाकून दे म्हणालो. हा गृहस्थ घरी तेलुगू बोलतो, गिऱ्हाइकाशी मराठी आणि चाकाशी कन्नड. त्याने सीटकडे पाहिलेच नाही. “गुरुजी, आधी बसा की वर,” म्हणाला. मी भिंतीला धरून बसलो. मग त्याने माझी टाच पायडलवर ठेवायला लावली, पायडल अगदी खाली नेले, आणि गुडघा किती वाकतो ते पाहिले. पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात थोडा बाक राहायला हवा. माझा गुडघा पाटावर बसल्यासारखा दुमडलेला होता. त्याने पाना घेतला, दांडी तीन बोटे वर काढली, नाक वर करून बसलेली सीट सपाट केली आणि पैसे न घेता म्हणाला, “आता आठ दिवस फिरा, मग बोला.”

यातले शास्त्र मी पुढे समजून घेतले. सीट फार खाली असली की पाय भार उचलत नाहीत आणि सगळे वजन बुडावर येते. फार वर असली की प्रत्येक फेऱ्याला कंबर डावी-उजवीकडे झुलते आणि कातडी सोलवटते. मधली जागा ज्याची त्याला शोधावी लागते. रुंदीचेही तसेच. माणूस बसतो तो मांसावर नव्हे, तर कमरेच्या तळाशी असलेल्या दोन हाडांवर. त्या दोन हाडांतले अंतर माणसामाणसागणिक वेगळे असते, बायकांत सामान्यतः अधिक. ते घरी मोजता येते: दिवाळीच्या खरेदीत आलेल्या एखाद्या खोक्याचा पन्हळी पुठ्ठा पाटावर ठेवून त्यावर घट्ट बसावे, उठावे आणि उमटलेल्या दोन खळ्यांमधले अंतर पट्टीने मोजावे. हा प्रयोग पाहुणे येण्याआधी उरकावा, एवढीच सूचना.

आणि मऊपणा? सर्वांत मोठी फसगत तिथेच आहे. फार मऊ सीटमध्ये ती दोन हाडे रुततात आणि मधला गादीचा उंचवटा नेमका नाजूक भागावर दाब देतो. लांब पल्ल्याचे सायकलस्वार म्हणूनच कठीण सीट पसंत करतात. वर जाड गादीचे कव्हर चढवणे म्हणजे अक्षरशः खोगीरभरती. ही म्हण आपण कचेऱ्यांसाठी राखून ठेवली आहे, पण तिचा मूळ अर्थ बसण्याशीच निगडित आहे.

सायकलच्या चामडी सीटचा इतिहास खोगिरापासूनच सुरू होतो. जॉन बोल्टबी ब्रुक्स नावाच्या माणसाने १८६६ साली बर्मिंगहॅममध्ये घोड्यांच्या चामडी सामानाचा धंदा काढला. त्याच्या कंपनीच्या इतिहासात सांगतात, की १८७८ साली त्याचा घोडा मेला, दुसरा परवडेना, म्हणून त्याने सायकल उसनी घेतली. तिच्या बैठकीने तो इतका हैराण झाला की काहीतरी बरे करायचेच असे त्याने ठरवले. १८८२ साली त्याने चामडी सीटचे पेटंट घेतले. लोखंडी सांगाड्यावर झोळीसारखे ताणलेले ते कातडे आरंभी लाकडासारखे कठीण असते. शेकडो मैल गेल्यावर मालकाच्या हाडांपुरते बसते आणि मग ते दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचे राहत नाही. ब्रुक्सला ‘होईल सवय’ म्हणणारा शेजारी भेटला नसेल असे नाही. त्याने ऐकले नाही, एवढेच.

मला प्रश्न पडतो तो असा. सवय होते म्हणजे नेमके काय होते? नव्या सायकलस्वाराचे बूड पहिले काही आठवडे दुखते आणि मग खरोखरच दुखायचे थांबते. शरीर तयार होते. ही सवय खरी. पण दुसरेही एक असते. चुकीच्या सीटवर दाब शिरांवर आणि रक्तवाहिन्यांवर येतो, मुंग्या येतात, आणि मग काहीच जाणवत नाही. तेव्हाही दुखायचे थांबते! माणूस म्हणतो, झाली सवय. प्रत्यक्षात तो बधिर झालेला असतो, आणि डॉक्टर सांगतात की हे लक्षण दुखण्याहून वाईट. बाहेरून दोन्ही अवस्था सारख्याच दिसतात. माणूस शांत आहे, तक्रार करीत नाही, सायकल चालली आहे. जुळले आहे की बधिरले आहे, हे ओळखायचे कसे?

सायकलपुरता हा प्रश्न सोपा आहे; उतरून दोन मिनिटे उभे राहिले की कळते. घरात आणि समाजात उतरून उभे राहायला जागा नसते. ‘ऍडजस्ट’ या शब्दाचेच पाहा. इंग्रजांनी जाताना मागे ठेवलेल्या शब्दांत याच्याइतका आपल्या घरांत मुरलेला शब्द विरळा. सायकलवाला म्हणतो, “सीट ऍडजस्ट करतो.” म्हणजे पाना सीटला लागतो, माणसाला नाही. घरात हाच शब्द आला की पाना फिरतो तो बहुधा नव्या सुनेवर. “जरा ऍडजस्ट करून घे गं.” पाच वर्षांनी आपण कौतुकाने म्हणतो, की रुळली हो पोर. रुळली असेलही. कित्येकजणी खरोखरच रुळतात. इतक्या, की पुढे घराचा आकारच त्यांच्याप्रमाणे बदलतो, त्या चामडी सीटसारखा. पण तिला कोणी विचारले आहे का, की बाई, मुंग्या येतात का?

यावर वडीलधाऱ्यांचे उत्तर तयार असते: टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही. मीही वर्गात ही म्हण फळ्यावर लिहितो. ती खोटी नाही, पण घाव सोसलेल्या बहुतेक दगडांची खडीच होते, हेही खरे. आमच्या सोलापुरात १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि १९४२ साली, वयाच्या ३२व्या वर्षी, तिथेच वारले. युद्धभूमीवर जखमींवर शस्त्रक्रिया करताना त्यांनी जे सोसले त्यापुढे माझ्यासारख्याने मान खाली घालावी. पण ती बैठक त्यांनी स्वतः निवडली होती, आणि त्यांच्या सोसण्यातून कोणाचा तरी जीव वाचत होता. माझ्या सीटच्या दुखण्याने आजवर कोणाचाही जीव वाचलेला नाही. ज्या सोसण्यातून काहीच निपजत नाही, त्याला कोटणिसांच्या पंक्तीला बसवणे हा त्यांचा मान नव्हे.

शिवाय ‘सोसा’ असा उपदेश करणारा सहसा स्वतः गादीवर बसलेला असतो. दिवाळीच्या खरेदीत नवी पेठेतल्या कापडाच्या दुकानात आपण बैठकीवर ऐसपैस बसतो, थंड पाणी पितो, आणि समोरची मुलगी उभ्याने पन्नास साड्या उलगडते. तिच्या पायांचा विचार मनात येत नाही, कारण तिलाही सवय झालेली असणार असे आपण धरून चालतो. केरळातल्या कापड-दुकानांतल्या बायकांनी मात्र तसे धरू दिले नाही. त्यांनी बसायला मिळावे म्हणून लढा दिला, आणि २०१८ साली तिथे कायदा सुधारला गेला. दुकानातल्या कामगाराला बसण्याची सोय हवी असे ठरले. २०२१ साली तमिळनाडूने तेच केले. बसण्यासाठी कायदा करावा लागतो याचे मला हसू आले होते. नंतर आले नाही.

बसायला मिळाले तरी प्रश्न संपत नाहीच. आमच्या भागात घरोघरी बायका विड्या वळतात. मांडीवर सूप घेऊन जमिनीवर बसायचे ते दिवसभर. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. त्या बसलेल्याच असतात, त्यांच्या दुखण्याचे नाव पाठ. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई पालकसभेला आली होती. सभा संपल्यावर मुलीच्या गणिताबद्दल बोलायला थांबली. एक हात कमरेवर होता. मी विचारले तर म्हणाली, “काही नाही ओ सर, सवय झालीय.” मी माझी खुर्ची पुढे सरकवली.

तिने खुर्चीकडे पाहिले आणि मान हलवली. “खुर्ची नको ओ सर, पाय लोंबतात मग. भिंतीला टेकू द्या, तेवढं बास.”

फळ्याखालच्या भिंतीला पाठ लावून ती खाली बसली, पाय लांब केले, पदर सारखा केला. मग आम्ही अपूर्णांकांबद्दल बोललो. मुलगी अपूर्णांकांत कच्ची आहे.