कुंपण कोणाचं?

‘निसर्गाचा नियमच आहे तो’ हे वाक्य माणूस केव्हा उच्चारतो? माझं निरीक्षण असं, की जिथे हात घालायचा नसतो तिथे. दोन प्राणी एकमेकांना बिलगून झोपले तर आपण फोटो काढतो. एकाने दुसऱ्याला रक्तबंबाळ केलं की निसर्गाचा नियम आठवतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात या वाक्यावरून बरेच दिवस वाद चालला. वादाचा विषय होती एक कोंबडी.

आम्ही कुळगावात राहतो. आजूबाजूला इमारती उठल्या तरी आमचं बैठं घर आणि मागचं परस अजून टिकून आहे. परसात आईच्या सहा कोंबड्या. त्यातल्या कवडीला मुंगसाने पंखाच्या बुडाशी फाडलं. जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुणं, गुरांच्या डॉक्टरांनी दिलेलं मलम लावणं, माशा बसू न देता पडवीत डालग्याखाली ठेवणं, हे सगळं त्या मानाने सोपं होतं. रोज काय बघायचं ते ठरलेलं होतं : दाणे टिपते का, पाणी पिते का, जखमेला खपली धरली का. दोन आठवड्यांनी ती बरी झाली, आम्ही तिला परसात सोडलं, आणि पाचही जणी तिच्यावर तुटून पडल्या. सगळ्यांत पुढे काळी.

कोंबड्यांमधल्या या उतरंडीचा पहिला पद्धतशीर अभ्यास थॉर्लिफ श्येल्डरुप-एब्बे या नॉर्वेजियन माणसाने केला. लहानपणापासून तो कोंबड्या निरखत असे. 1922 साली त्याचा निबंध जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. कोण कोणाला चोच मारते आणि कोण मुकाट्याने सहन करते याचा क्रम ठरलेला असतो, असं त्याने दाखवलं. यातली गंमत अशी, की एकदा क्रम ठरला की भांडणं कमी होतात. वरच्या कोंबडीने नुसती मान उंचावली तरी खालची बाजूला सरते. म्हणजे उतरंड हा एका अर्थी शांततेचा तह असतो. कवडी दोन आठवडे गायब झाली आणि तिची जागा भरून निघाली. परतली तेव्हा तिचा तुरा फिका पडला होता, पाठीवर पिसं नव्हती, खाली लालसर कातडी दिसत होती. कोंबड्यांना लाल रंगावर चोच मारल्यावाचून राहवत नाही. त्यांच्या लेखी घरची कोंबडी परत आलेली नव्हतीच, तहात नाव नसलेली कोणीतरी परकी आत शिरली होती.

आजीचं मत ठाम होतं. “अगं, कोंबड्यांचं कोंबड्यांना ठरवू दे. आपण किती दिवस राखण करणार?” आईला ते बघवत नव्हतं. “मग राहू दे तिला पडवीतच. खायला-प्यायला मिळतंय, कोणी मारत नाही.” दोघींच्या म्हणण्यात तथ्य होतं. पण पडवीतली कवडी काय करत होती? परसात बाकीच्यांचं उकरणं सुरू झालं की ती डालग्याच्या त्याच बाजूला सरकायची आणि काड्यांतून बघत उभी राहायची. कोंबडी हा थव्यात जगणारा जीव आहे. तिला मारापासून वाचवायचं म्हणून थव्यापासूनही तोडायचं, याला संरक्षण म्हणायचं की जन्मठेप?

आजीच्या मताबद्दल मी जास्त विचार केला, कारण ते वरवर नि:पक्षपाती वाटतं. ‘त्यांचं त्यांना ठरवू दे’ हे रानात खरं आहे. पाळीव कोंबडीचा पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. त्याच्या थव्यात मार खाल्लेली कोंबडी झुडपात शिरते, लांब जाऊन चरते, दिवसभर वरचढ कोंबडीच्या वाऱ्याला उभी राहत नाही. आमच्या परसाला चारी बाजूंनी भिंत आहे. दाण्याचं भांडं एक, पाण्याचं एक, खुराड्याचं दारही एकच. चोच मारणं निसर्गाचं, पण पळायला जागा नसणं आमचं. ज्याने कुंपण घातलं त्याला ‘मी मधे पडत नाही’ असं म्हणता येत नाही. तो कुंपण घातलं तेव्हाच मधे पडलेला असतो.

हे कळायला कोंबड्या कशाला हव्यात म्हणा. बदलापूरहून सकाळच्या लोकलने रोज जाणाऱ्याला दारातली, खिडकीची आणि चौथ्या सीटची उतरंड ठाऊक असते. तीच माणसं रविवारी रिकाम्या डब्यात सरकून जागा देतात. स्वभाव तोच, जागा वेगळी.

मग आम्ही जागाच बदलली. परसाच्या एका कोपऱ्यात जाळी लावून कवडीला आत ठेवलं, म्हणजे दिसणं आणि ऐकणं सुरू राहील, चोच पोचणार नाही. दाण्याची-पाण्याची भांडी दोन केली आणि एकमेकांपासून लांब ठेवली. आडोशाला मोडकी खुर्ची आणि फांद्या टाकल्या. आठवड्याने जाळी काढली तेव्हा चौघींनी एकदोनदा टोचून सोडून दिलं. काळी मात्र हटेना. म्हणून काळीला उचलून चार दिवस पडवीत ठेवलं. त्या दिवसांत कवडी इतरांत मिसळली आणि काळी परत आली तेव्हा नवखी तीच होती.

आजी म्हणाली, “बिचारीचा काय गुन्हा?” प्रश्न रास्त होता. काळीचा काहीच गुन्हा नव्हता. गुन्हा करायला दुसरं काही करता येण्याची जाणीव लागते. ती कोंबडीत आहे असं मला वाटत नाही. पण शिक्षा आणि व्यवस्था यांत फरक आहे. शिक्षेला दोषी लागतो, व्यवस्थेला लागत नाही. दोषी सापडत नाही म्हणून दुबळ्याला सोसू द्यावं, हे तर्कात बसत नाही.

जागेइतकीच आपली निवडही उतरंड घडवते. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात विल्यम म्यूर यांनी एका पिंजऱ्यात अनेक कोंबड्या ठेवून पैदाशीसाठी सर्वांत जास्त अंडी देणारी एकेक कोंबडी न निवडता, चांगली कामगिरी करणारे अख्खे गट निवडले. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरातलं मरणाचं प्रमाण दोनच पिढ्यांत 68 टक्क्यांवरून 8.8 टक्क्यांवर आलं. एकटीचं यश मोजलं की शेजारणीला दाबून मिळवलेलं यशही त्यात मोजलं जातं. वर्षातून एकदा स्वतःचं मूल्यमापन भरणाऱ्या कोणाही इंजिनियरला हे समजावून सांगावं लागणार नाही. अंड्यांच्या व्यवसायात मात्र सर्रास वापरला जाणारा उपाय वेगळाच आहे : पिल्लाच्या चोचीचं टोक गरम पात्याने छाटणं. जागा वाढवायची नाही, मोजमाप बदलायचं नाही, चोच कापायची.

इथे माझाच युक्तिवाद मला अडचणीत आणतो. पावसाळ्यात परसातली अंडी पुरत नाहीत, तेव्हा आम्ही दुकानातून तीसचा ट्रे आणतो. ती अंडी ज्या पिंजऱ्यांतून येतात तिथे पंख पसरण्याइतकीही जागा नसते. तो पिंजरा मी बांधलेला नाही. पण त्याचं भाडं कोण भरतं? कवडीबद्दल मला जे वाटलं ते नुसती माया असती तर परसाच्या भिंतीशी थांबलं असतं, कारण माया ओळखीच्याच जिवावर बसते. मी मात्र कुंपणाची जबाबदारी पुढे केली होती, आणि ती भिंतीशी थांबत नाही. कुंपण ज्यांच्या पैशावर उभं आहे, त्या सगळ्यांकडे ती बोट दाखवते. ट्रे आणायचा की नाही याचा निकाल आमच्या घरात अजून लागलेला नाही. ‘निसर्गाचा नियमच आहे तो’ हे उत्तर मात्र आता कोणी देत नाही, आजीसुद्धा.