हुशार मूल आणि बाकीचा वर्ग



मोहोळ तालुक्यात पोखरापूर येथे आपल्या जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून ही विद्यालये निघाली. पाचवीच्या मुलांची परीक्षा घेऊन सहावीसाठी फार तर ८० मुले निवडतात. राहणे, जेवण, पुस्तके सरकारची. ग्रामीण मुले, अनुसूचित जाती-जमाती व मुली यांना राखीव जागा आहेत. तुमचे मूल पाचवीत असेल तर अर्ज जरूर भरा.

पण हा न्याय झाला काय? एकाला वसतिगृह, ग्रंथालय, प्रयोगशाळा; आणि त्याच्याच बाकावर बसणाऱ्याला गळके छप्पर?

समता म्हणजे सर्वांना एकच माप, असे कोणी म्हणेल तर मला ते पटत नाही. ज्याचे गणित पाच मिनिटांत सुटते त्याला उरलेला तास खिडकीबाहेर बघत बसवणे, हाही अन्यायच. मात्र दोन तासांच्या परीक्षेत बुद्धी किती मोजली जाते आणि शिकवणीची फी किती, हे आम्हा शिक्षकांना चांगले ठाऊक आहे. आईबरोबर रात्री विड्या वळून सकाळी परीक्षेला बसणारी मुलगी मंद नसते, दमलेली असते.

हा प्रश्न जुनाच आहे. आपण सर्वांविषयी करुणा बाळगता, मग काहींनाच अधिक का शिकवता, असे एका ग्रामणीने तथागतांना विचारले होते. तथागतांनी तीन शेतांचा दाखला दिला. शेतकरी आधी उत्तम शेत पेरतो, मग मध्यम, मग खारवट. क्रम मान्य केला, पण धम्म तिघांना तोच सांगितला, अर्धामुर्धा नाही. आणि चार महिन्यांत एक गाथा पाठ न झालेल्या चूळपंथकाला सख्ख्या भावाने घालवून दिले, तेव्हा तथागतांनी त्याच्या हाती फडके देऊन त्याला वेगळ्या रीतीने शिकवले. तो अर्हत झाला. आमचे सरकार उत्तम शेत पेरते आणि बी संपले म्हणून घरी जाते!

पूज्य बाबासाहेबही निवडलेलेच विद्यार्थी होते. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये अमेरिकेस गेले. पुढे त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये याच सोलापुरात वसतिगृह काढले, ते हायस्कुलात शिकणाऱ्या आपल्या मुलांसाठी.

शाळा व्यवस्थापन समितीत २००९ च्या कायद्याने तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. पुढच्या बैठकीला जा. शिक्षकाची जागा का रिकामी आहे, छप्पर कधी होणार, ते विचारा. ज्यांचे मूल पोखरापूरला लागले आहे, त्यांनीही या.