न्यायालयाचें दफ्तर कोणाचें?

‘शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये’ ही म्हण आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर जितकी तोंडीं ऐकूं येते, तितकीच कृतींत मोडलेली दिसते. माडांची एक ओळ, गडग्याची हातभर जागा, मुंबईस गेलेल्या भावाचा घरांतील हिस्सा, एवढ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या दावे चालतात. परंतु आम्हांस येथें दाव्यांचा विचार करावयाचा नाहीं. दावा संपल्यावर मागें जें दफ्तर उरतें, तें कोणाचें, एवढाच आमचा प्रश्न आहे.

कायद्याचें उत्तर बरेंच स्पष्ट आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें न्यायालयीन कृतींचे लेख सार्वजनिक दस्तऐवजांत गणले, आणि ज्यास ते पाहण्याचा हक्क आहे त्यास फी घेऊन सही-शिक्क्याची नक्कल देण्याचें कर्तव्य अधिकाऱ्यावर घातलें. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेल्या कायद्यानेंही तेंच तत्त्व ठेविलें आहे. चालू दाव्याची तारीख आतां घरबसल्या संगणकावर कळते. नकलेसाठीं मात्र दाव्याचा क्रमांक, वर्ष व पक्षकारांचीं नांवें देऊन अर्ज करावा लागतो. कागद जुना असेल तर तो कोणत्या दफ्तरखान्यांत आहे हेंही शोधावें लागतें. कारण आमचा सिंधुदुर्ग जिल्हाच १९८१ सालीं रत्नागिरींतून वेगळा निघाला.

दाव्याशीं संबंध नसलेल्या तिऱ्हाइतानें नक्कल मागितली तर? त्यानें शपथपत्रावर कारण सांगावें, असा गुजरात उच्च न्यायालयाचा नियम आहे. २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो मान्य केला, आणि माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचा आधार घेऊन ही वाट चुकवितां येणार नाहीं, असें ठरविलें. या नियमावर आमचा आक्षेप असे. न्यायाधीश निकाल देतो तो सर्व समाजाच्या वतीनें. मग आपल्या नांवानें झालेलें काम पाहण्यास कारण कशास?

उलट बाजूही आहे. मुंबईच्या एका अब्रुनुकसानीच्या दाव्यांत, साक्षीच्या प्रसिद्धीनें धंद्यास तोटा होतो, अशी तक्रार एका साक्षीदारानें केली. न्यायालयानें ती साक्ष छापण्यास मनाई केली. पत्रकार मिरजकर सर्वोच्च न्यायालयांत गेले. १९६६ सालीं नऊ न्यायाधीशांच्या पीठानें उघड्या न्यायासनाचें तत्त्व मानलें, तरी बहुमतानें मनाई कायम केली, न्या. हिदायतुल्ला यांचें मत भिन्न पडलें.

पुढें आमच्याच घरीं वाटणीचा वाद निघाला आणि आजोबांच्या वेळच्या एका दाव्याची नक्कल आम्हीं मागविली. पक्षकाराचे वारस म्हणून आम्हांस कोणी कारण विचारलें नाहीं. विचारलें असतें तर, ‘शेजाऱ्यांनीं खोट्या साक्षीनें आमची जागा घेतली, तें सिद्ध करण्यासाठीं,’ असें आम्हीं निःशंक लिहिलें असतें. लहानपणापासून तसेंच ऐकत आलों होतों. नक्कल हातीं आली. तींत जागा शेजाऱ्यांचीच असल्याची कबुली होती, आणि खालीं आजोबांची मोडी सही.

दोन दिवस तो कागद आम्हीं कोणास दाखविला नाहीं. तिसऱ्या दिवशीं शेजारीं नेऊन दिला. तेथील वृद्ध गृहस्थांनीं तो वाचला, घडी घातली आणि म्हणाले, “आमका म्हायत होता. पण तुमका सांगतलो कोण?”

वाचण्यापूर्वीं वाचनाचें खरें कारण कोणास ठाऊक असतें? म्हणून कारण ही हक्काची कसोटी होऊं शकत नाहीं. तें फार तर वाचणाऱ्यानें आपली जबाबदारी ओळखल्याची खूण होय. ती जबाबदारीही लहान नाहीं. एखाद्याच्या घटस्फोटाचे किंवा दिवाळ्याचे कागद चावडीवर चघळण्यासाठीं नसतात. बलात्काराच्या खटल्यांत तर कायदाच दार लावून घेतो. परंतु ज्या दफ्तराची किल्ली आमच्या हातीं असती तर त्या दोन दिवसांत आम्हींच तें बंद केलें असतें, तें सर्वांसाठीं उघडें असणेंच बरें. ती नक्कल आतां वाटणीच्या कागदांबरोबर, मुलांस सांपडेल अशा जागीं, ठेविली आहे.