रिकामा दांडा

मे 2022 मध्ये ग्रीसमधल्या हेराक्लिऑनला ज्युनियर जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धा झाली. पुण्याजवळच्या वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने 45 किलो गटात एकूण 153 किलो उचलून सुवर्ण जिंकलं. त्याच स्पर्धेत राजनांदगावच्या ज्ञानेश्वरी यादवने 49 किलो गटात रौप्य मिळवलं. फोटोत दिसतात ते वर गेलेले हात. वजन उचललेलं असतं मुख्यतः पायांनी.

दांडा नडगीला लागून, पाठ ताठ, पोटात श्वास भरून रोखलेला, आणि मग पायांनी जमीन खाली रेटायची. दांडा अंगापासून जरा पुढे सरकला, की तेवढ्याच किलोंचा ताण कमरेवर कितीतरी वाढतो. म्हणून नवशिक्याच्या हाती आधी काठी येते, मग रिकामा दांडा. तोही हलका नसतो: स्त्रियांचा 15 किलो, पुरुषांचा 20. काठीचा कंटाळा येतो, खरंच येतो. मोबाइलसमोर प्लेटा मोजणाऱ्या पोरांना तर फारच. आज जिमला निघालेल्यांनी तोच मोबाइल बाजूला, कमरेच्या उंचीवर ठेवून चित्रण करावं. पाठ नेमकी कधी वाकते, ते त्यात दिसतं.