भादलीचा वॉर्ड आणि आठशे मीटर

जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकमध्ये २०२० च्या डिसेंबरात ग्रामपंचायतीचे अर्ज भरले जात होते. अंजली पाटील यांनी महिलांसाठी राखीव असलेल्या वॉर्डातून अर्ज भरला. त्या तृतीयपंथी आहेत म्हणून निवडणूक अधिकाऱ्यांनी तो नामंजूर केला. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी २ जानेवारी २०२१ ला निकाल दिला: आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे, अंजली यांनी स्त्री ही ओळख आयुष्यभरासाठी निवडली आहे, तेव्हा त्यांना महिला म्हणून निवडणूक लढवता येईल. महिना संपायच्या आत मतदान झालं, मतमोजणी झाली आणि अंजली पाटील निवडून आल्या. गावाने न्यायालयाच्या निकालावर मताचा शिक्का मारला.

तो निकाल मला तेव्हाही अचूक वाटला, आजही वाटतो. पण माझी नोकरी धुळ्यात क्रीडाशिक्षिका म्हणून झाली, आणि आता पोलीस भरतीच्या मुलींचा सराव घेण्यात माझ्या सकाळी जातात. त्या मैदानावर एक दिवस हाच निकाल माझ्यासमोर प्रश्न होऊन आला. सरावाला येणाऱ्या एका तृतीयपंथी उमेदवाराने विचारलं, "मॅडम, भादलीत चाललं, मग इथं का नाही चालणार?"

खानदेशात भरती म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सहज कळणार नाही. धुळ्यात राज्य राखीव पोलीस बलाचा गट आहे, पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. खाकी वर्दी इथे डोळ्यांसमोरची आहे. साक्री-शिरपूरकडच्या मुली चौघी-पाचजणी मिळून खोली करतात, एका स्टोव्हवर स्वयंपाक करतात आणि उजाडायच्या आत मैदानावर हजर असतात. जळगावला मेहरूण तलावाकाठी जा, तिथेही अशाच पळताना दिसतील. मैदानी चाचणी पन्नास गुणांची. मुलींना आठशे मीटर, शंभर मीटर आणि चार किलोचा गोळा. चार किलो ऐकायला काहीच नाही. पण रोज फेकून बोटांच्या मुळाशी घट्टे पडतात आणि गोळा टेकवून टेकवून जबड्याखालची कातडी काळवंडते. गोळा मातीत पडला की टेपचं टोक खळग्याच्या अलीकडच्या कडेला धरायचं असतं, पलीकडच्या नाही. त्या चार बोटांच्या फरकासाठी मुली माझ्याशी भांडलेल्या आहेत. धावण्यात काही सेकंद इकडेतिकडे झाले की गुणांचा टप्पा घसरतो आणि यादीत नाव कुठल्या कुठे जातं. त्या नावामागे बापाने काढलेलं कर्ज असतं, आणि "यंदा नाही झालं तर लग्न" ही घरात ठरलेली मुदतही असते.

२०२२ पर्यंत भरतीच्या अर्जात दोनच रकाने होते, पुरुष आणि महिला. कराडच्या आर्या पुजारी यांनी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, दाद मागितली. न्यायमूर्ती मृदुला भाटकर यांच्या मॅटने तिसरा पर्याय द्यायला सांगितलं. सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने सरकारलाच बजावलं की २८ फेब्रुवारी २०२३ पर्यंत नियम करा, शारीरिक चाचणीचे निकष ठरवा. रकाना आला. त्या रकान्यामुळेच ती उमेदवार आमच्या मैदानावर आली होती.

सुरुवातीला मुली तिच्यापासून लांब बसायच्या. मग एकीच्या पायात गोळा आला, तिने धावत जाऊन तो पाय ताणून धरला, आणि त्यानंतर पाण्याची बाटली सगळ्यांत एकच फिरू लागली. तिचं घर केव्हाच सुटलेलं होतं. टाळी वाजवून पैसे मागायचे नाहीत एवढ्यासाठी ती पळत होती. तिला मी काय नाही म्हणणार? पण पळताना ती माझ्या चांगल्यातल्या चांगल्या मुलीच्या पुढे सहज निघून जायची, आणि घड्याळ माझ्याच हातात होतं. शेतमजुराच्या घरची एक मुलगी एकदा घाम पुसत म्हणाली, "तिले बी पयू द्या मॅडम, पन मना नंबर जावाले नको." तिच्या बोलण्यात द्वेषाचा लवलेश नव्हता. माझ्या मते दोघींचंही म्हणणं खरं होतं, आणि दोन्ही खरी असली की कोणा एकीला गप्प बसवून प्रश्न सुटत नाही.

यातून वाट काढायची तर राखीव जागा कशासाठी ठेवली, हे आधी पाहावं लागतं. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींच्या निम्म्या जागा स्त्रियांना आहेत, कारण गावाने त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ओट्याखाली बसवलं. अंजली पाटलांनाही गावाने ओट्यावर कधी घेतलं नव्हतं. ज्या अन्यायासाठी तो वॉर्ड राखून ठेवला, तोच अन्याय त्यांनी सोसलेला आहे. ग्रामसभेत ठराव मांडायला कोणाचं शरीर कसं वाढलं याच्याशी काही देणंघेणं नाही.

मुलींची शर्यत वेगळी ठेवली ती मात्र शरीरामुळेच. बारा-तेरा वर्षांपर्यंत मुलगे आणि मुली जवळपास बरोबरीने पळतात, हे कुठल्याही शाळेच्या मैदानावर दिसतं. मग मुलग्यांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन वाढतं. हाडं लांब आणि जाड होतात, हृदय आणि फुप्फुसं मोठी होतात, रक्तात हिमोग्लोबिन वाढतं, स्नायू भरतात. आठशे मीटरचा पुरुषांचा जागतिक विक्रम डेव्हिड रुडिशाचा, १ मिनिट ४०.९१ सेकंद, स्त्रियांचा यार्मिला क्राटोख्विलोव्हाचा, १ मिनिट ५३.२८ सेकंद, तोही १९८३ पासून अबाधित. हा बारा टक्क्यांचा फरक मेहनतीने भरून येत नाही. वेगळी शर्यत नसती तर एकाही बाईचं नाव अंतिम फेरीत लागलं नसतं.

मग प्रश्न उरतो तो हा, की पारलिंगी स्त्रीने, म्हणजे मुलगा म्हणून वाढून पुढे स्त्री म्हणून जगणाऱ्या व्यक्तीने, संप्रेरकांचे उपचार घेतल्यावर हा फरक जातो का? हिमोग्लोबिन काही महिन्यांतच खाली येतं. स्नायूंची ताकद मात्र वर्षभरात थोडीच उतरते, आणि वाढलेली हाडं तर परत लहान होत नाहीत. अमेरिकेच्या हवाई दलातल्या चाचण्यांच्या नोंदींवरून एक अभ्यास झाला होता. आमच्या भरतीला तो इतका जवळचा आहे की मी तो पुन्हा पुन्हा वाचला. पारलिंगी स्त्रिया उपचारांआधी इतर स्त्रियांपेक्षा दीड मैल २१ टक्के जलद धावत होत्या. दोन वर्षांच्या उपचारांनंतरही १२ टक्के जलदच होत्या. पुश-अप आणि सिट-अपमधला फरक मात्र तोवर मिटला होता. तीन मिनिटांत आठशे मीटर संपवणाऱ्या माझ्या मुलीसाठी १२ टक्के म्हणजे वीसेक सेकंद. त्या अभ्यासातली माणसं थोडी होती, खेळाडूही नव्हती. आणि २०२४ चा एक अभ्यास असंही दाखवतो की पारलिंगी स्त्री खेळाडू जागेवरून वर उडी मारण्याच्या चाचणीत इतर स्त्रियांच्या मागे पडल्या. विज्ञानाचा शेवटचा शब्द अजून यायचा आहे. पण यादी आज लागते आहे, आणि आज जेवढं कळतं त्यावरच ती लावावी लागेल.

जागतिक जलतरण संघटनेने २०२२ मध्ये आणि ॲथलेटिक्स संघटनेने २०२३ मध्ये तेच केलं: पुरुषी पौगंडावस्थेतून गेलेल्यांना स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा बंद. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयसीसीनेही तसाच नियम केला. त्याचा घाव एका मराठी घरावर बसला. मूळचे बीडचे, भारताकडून खेळलेले संजय बांगर यांची मुलगी अनाया लहानपणापासून क्रिकेट खेळत आलेली. स्त्री म्हणून जगायला लागली आणि खेळाचं दार बंद झालं. २०२५ मध्ये तिने मँचेस्टरच्या विद्यापीठात झालेल्या आपल्या तपासण्यांचा अहवाल जाहीर केला आणि निदान चर्चा तरी करा, असं क्रिकेट मंडळांना सांगितलं. आयसीसीचा नियम मला पटतो. अनायाची मागणीही मला रास्त वाटते. ज्याच्यावर बंदी घालायची त्याच्यासमोर बसून ऐकून घेणं, एवढं तरी नियम करणाऱ्यांचं कर्तव्य आहे.

आणि दुसरी बाजू मला रात्री झोपू देत नाही. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत तमिळनाडूच्या शांती सौंदरराजनने आठशे मीटरमध्येच रौप्यपदक मिळवलं. लिंगचाचणीनंतर ते काढून घेतलं, आणि तिची बातमी टीव्हीवरून साऱ्या देशाला कळली. शांती पारलिंगी नव्हती; मुलगी म्हणून जन्मली, मुलगी म्हणून वाढली. पुढे तिने जीव द्यायचा प्रयत्न केला. २०१४ मध्ये धावपटू द्युती चंदला असंच बाजूला काढलं. ती लढली आणि २०१५ मध्ये क्रीडा लवादाकडून परतीचा रस्ता मिळवला. जागतिक ॲथलेटिक्सने २०२५ पासून स्त्रियांसाठी जनुकचाचणी आणली आहे. गालाच्या आतून नमुना घ्यायचा, एकदाच. कागदावर ते सोपं आहे. पण सातपुड्यातून आलेल्या, आवाज जाड असलेल्या, छाती सपाट असलेल्या पोरीकडे उद्या तालुक्याच्या मैदानावर कोणी बोट दाखवलं तर? संशयाची सवय एकदा लागली की ती पारलिंगी खेळाडूंपाशी थांबत नाही. सगळ्यात आधी गरिबाची, दणकट अंगाची मुलगी तिच्या तावडीत सापडते.

म्हणून माझं मत सांगते. जिथे पदक, निवड किंवा नोकरीची यादी लागते, तिथे मुलींचा गट पुरुषी पौगंडावस्थेतून न गेलेल्यांसाठीच असावा. शाळेची, गावच्या जत्रेची, गणेशोत्सवाची धाव सगळ्यांना खुली असावी, तिथे कोणाला काही विचारू नये. आणि तपासणी करायचीच तर डॉक्टरने बंद दाराआड करावी, त्याचा कागद गुप्त राहावा. पंचाने, प्रशिक्षकाने, प्रतिस्पर्ध्याच्या बापाने तोंड उघडू नये.

मात्र "तुझी यादी वेगळी" असं सांगून थांबणं म्हणजे शुद्ध लबाडी आहे. वेगळी यादी द्यायची तर त्या यादीत जागाही हव्यात. पोहण्यात खुला गट काढला आणि २०२३ मध्ये बर्लिनला त्यात एकही नाव आलं नाही. नुसती पाटी लावून कोणी येत नसतं. कर्नाटकाने २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत तृतीयपंथीयांना एक टक्का समांतर आरक्षण दिलं. महाराष्ट्राने पोलीस भरतीत तेवढं तरी द्यावं, आणि त्यांच्या चाचणीचे गुण त्यांच्यातच लावावेत. मग मैदानावरच्या त्या दोघींपैकी कोणाचाही नंबर दुसरीमुळे जाणार नाही. वर्दी दोघींच्या अंगावर चढू शकते, आणि ते आजच्या आज सरकारच्या हातात आहे.